युद्धनौकांचे न चुकवलेले देणे

फेब्रुवारी २००३ मध्ये ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने, आणि त्या वेळी हेच तेथील सर्वोच्च न्यायपीठ होते, एका निवृत्त नौसैनिकाचा दावा फेटाळून लावला. १९५५ ते १९६८ या काळात तो शाही नौदलाच्या विद्युत शाखेत नोकरीस होता. जहाजांवरील बॉयलर आणि वाफेचे नळ यांभोवती गुंडाळलेल्या ॲस्बेस्टॉसची धूळ त्या वर्षांत आपल्या फुप्फुसांत गेली आणि तिचे परिणाम आता आपण भोगत आहोत, अशी त्याची तक्रार होती. धूळ गेली की नाही, नौदलाने हयगय केली की नाही, या प्रश्नांपर्यंत न्यायमूर्ती पोचलेच नाहीत. १९४७ च्या कायद्याच्या दहाव्या कलमानुसार सैनिकाला सेवेत झालेल्या इजेबद्दल सरकारवर नुकसानभरपाईचा दावाच करता येत नव्हता, आणि ही तरतूद मानवी हक्कांच्या कराराशी विसंगत नाही, एवढे सांगून त्यांनी प्रकरण मिटवले. त्याच जहाजावर, त्याच दालनात, त्याच दिवशी गोदीतला एखादा मुलकी फिटर काम करीत असता, तर त्याला मात्र त्याच सरकारवर दावा लावता आला असता. दोघांचा मालक एक, धूळ एक, आजार एक. फरक होता तो अंगावरच्या गणवेशाचा.

ही हकीकत परक्या देशातील एका कायदेशीर बारकाव्याची म्हणून सोडून देता आली असती. परंतु युद्धनौका विकल्या जातात, एका ध्वजाखालून दुसऱ्या ध्वजाखाली जातात, आणि त्यांच्या पोटात जे काही असते तेही त्यांच्याबरोबर जाते. भारतीय नौदलाच्या पहिल्या चार दशकांतील सर्वांत नामांकित जहाजे ब्रिटिश गोद्यांत बांधलेली होती. तेव्हा ब्रिटनने या देण्याचा हिशेब कसा केला, आणि किती काळ केला नाही, हे मुंबई आणि कोकणातही समजून घेण्याजोगे आहे.

वाफेवर चालणारी युद्धनौका म्हणजे पाण्यावर तरंगणारे एक औष्णिक वीजकेंद्रच. बॉयलरमधून निघालेली तीनशे-चारशे अंशांची वाफ नळांतून टर्बाइनकडे जाते, आणि हे नळ केवळ इंजिनाच्या दालनात थांबत नाहीत. खलाशांच्या झोपण्याच्या जागेवरून, जेवणाच्या मेजांवरून, दारूगोळ्याच्या कोठारांशेजारून ते जहाजभर फिरतात. त्यांना उष्णतारोधक वेष्टण नसेल तर आत माणूस टिकणार नाही, आणि वेष्टण जळणारे असेल तर पहिल्याच तोफगोळ्याला जहाज पेटेल. ॲस्बेस्टॉस जळत नाही, सडत नाही, हवा तसा वळतो, आणि मुख्य म्हणजे स्वस्त मिळतो. कॅनडा आणि ऱ्होडेशियातून पांढरा, दक्षिण आफ्रिकेतून निळा आणि तपकिरी असा तो हजारो टनांनी येत असे. त्याच्या भुकटीचा पाण्यात कालवून लेप देत, त्याच्या चादरी गुंडाळत, जोडांच्या चकत्या आणि झडपांचे पॅकिंग त्याचेच करीत. पुढे तर भिंती आणि छतांवर त्याचा फवाराही मारला जाऊ लागला.

बसवलेला ॲस्बेस्टॉस न हलवता राहिला तर त्याचा उपद्रव कमी. पण युद्धनौकेवर काहीच न हलता राहत नाही. तोफांच्या हादऱ्याने छताचा थर भुरभुरतो. एखादी झडप गळू लागली की स्टोकर वेष्टण फोडतो, दुरुस्ती करतो, आणि नवा लेप चढवतो; जुन्याचे तुकडे झाडूने गोळा होतात. जहाज डागडुजीला गोदीत आले म्हणजे वेष्टण फोडण्याचे काम महिनोन् महिने चालते, आणि खलाशांपैकी बरेच जण त्या काळात त्याच जहाजावर राहतात, झोपतात, साफसफाई करतात. ब्रिटिश नौदलातील डॉक्टर हॅरीस यांनी १९६० च्या दशकात डेव्हनपोर्टच्या गोदीतील ॲस्बेस्टॉसच्या धोक्यांचा अभ्यास करून १९६८ मध्ये तो प्रसिद्ध केला, तेव्हा नवे वेष्टण चढवण्यापेक्षा जुने उतरवताना धूळ अधिक उडते, आणि ती वेष्टणकऱ्यांपुरती न राहता शेजारी काम करणाऱ्या सर्वांना गाठते, हे स्पष्ट झाले. गोदीतला कामगार निदान संध्याकाळी घरी जाई, जरी कपड्यांबरोबर तो धूळ बायकोच्या धुण्यापर्यंत नेत असे. खलाशाचे घरच जहाजात होते.

या धुळीने होणारे आजार उशिरा येतात, आणि हा उशीर हेच या प्रश्नाचे मर्म आहे. ॲस्बेस्टॉसिसने फुप्फुसे आवळत जातात. मेसोथेलिओमा हा फुप्फुसावरील आवरणाचा कर्करोग धूळ गेल्यापासून वीस ते पन्नास वर्षांनी, पुष्कळदा तीस-चाळीस वर्षांनी प्रकट होतो. आणि प्रकट झाल्यावर बहुतेक रुग्ण वर्ष-दीड वर्षापलीकडे जगत नाहीत. अठराव्या वर्षी भरती झालेला मुलगा सेवा संपवून, दुसरी नोकरी करून, मुलांची लग्ने उरकून निवृत्त होतो आणि मग त्याला धाप लागते.

हे कोणालाच ठाऊक नव्हते, असा बचाव पूर्वी होत असे. तो टिकणारा नाही. १९३० मध्ये ब्रिटिश सरकारच्याच कारखाना निरीक्षक खात्यातील मेरेवेदर आणि प्राइस यांनी ॲस्बेस्टॉस कामगारांच्या फुप्फुसरोगाचा अहवाल दिला होता, आणि १९३१ मध्ये धूळ आवरण्याचे नियमही झाले. ते मुख्यतः कारखान्यांसाठी होते. ज्या जहाजांत हा माल जाऊन बसणार होता तेथपर्यंत त्यांचा हात फारसा पोचला नाही. निळ्या ॲस्बेस्टॉसचा मेसोथेलिओमाशी असलेला संबंध १९६० मध्ये वॅग्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दक्षिण आफ्रिकेतील तेहतीस रुग्णांवरून दाखवून दिला. तेव्हा कर्करोगाबद्दलचे अज्ञान १९४० च्या दशकात खरे असेलही. फुप्फुसांच्या नाशाबद्दलचे नव्हते.

याहून उद्बोधक आहे ती १९४६ ची एक अमेरिकी पाहणी. नौदलासाठी जहाजे बांधणाऱ्या गोद्यांतील नळांना वेष्टण चढवणारे १,०७४ कामगार तपासण्यात आले. फक्त तिघांना ॲस्बेस्टॉसिस आढळला, आणि हे काम विशेष धोक्याचे नाही, असा निष्कर्ष निघाला. पुढे कित्येक वर्षे त्याचा आधार घेतला गेला. पण त्याच पाहणीत एक आकडा असा होता की, तपासलेल्यांपैकी ९५ टक्के कामगारांना या कामावर दहा वर्षेही झालेली नव्हती. आणि जे तिघे आजारी निघाले ते वीस वर्षांहून जुने होते. युद्धाच्या घाईत भरती झालेल्या तरुणांच्या छात्या तपासून, जो आजार वीस वर्षांनी येतो तो आज दिसत नाही, असे प्रमाणपत्र देण्यात आले. पेरणीनंतर आठ दिवसांनी शेतात जाऊन पीक नाही म्हणून बियाण्याला दोष देण्यासारखाच हा प्रकार, फक्त उलट्या दिशेने. आकडे खोटे नव्हते. ते कोणाचे आणि केव्हाचे, हे मात्र विचारले गेले नाही.

उशिरा येणाऱ्या हानीकडे दुर्लक्ष करण्याची ही वृत्ती केवळ वैद्यकाची नाही. हिशेबाच्या पद्धतीतच तिचे मूळ आहे. चाळीस वर्षांनी द्यावयाच्या शंभर रुपयांचे आजचे मूल्य दरसाल दहा टक्के वटावाने काढले तर ते सव्वादोन रुपयेसुद्धा भरत नाही. पाच टक्के दर धरला तरी सव्वाचौदा रुपयांच्या आतच राहते. म्हणजे १९४४ साली जहाजाचा आराखडा करणाऱ्याने अत्यंत प्रामाणिकपणे, १९८४ सालच्या खलाशाच्या मृत्यूचाही खर्च धरला असता, तरी त्याच्या वहीत तो जवळजवळ शून्यच उमटला असता. एका व्यवहाराचा बोजा त्या व्यवहारात नसलेल्या माणसावर पडतो, तेव्हा वस्तूची बाजारातील किंमत फसवी ठरते, हे अर्थशास्त्रज्ञ पिगू यांनी १९२० मध्येच विस्ताराने मांडले होते. येथे तर बोजा पडणारा माणूस परकाही नव्हता. खरेदीदाराच्याच पगारपत्रकावर त्याचे नाव होते. त्याला बाहेरचा करण्याचे काम कायद्याने केले.

त्या कायद्याची बाजूही नीट समजून घेतली पाहिजे. १९४७ पूर्वी ब्रिटनमध्ये राजसत्तेवर नुकसानीचा दावाच करता येत नसे. त्या वर्षीच्या कायद्याने सामान्य नागरिकांना ती वाट मोकळी केली आणि सैनिकांना मात्र दहाव्या कलमाने वगळले. त्यामागे एक विचार होता. सैनिकाचे काम धोक्याचेच. प्रत्येक जखमेमागे कोणाची चूक होती हे न्यायालयात उकरत बसण्यापेक्षा, चूक असो वा नसो, सरकारने त्याला पेन्शन द्यावी. ही इजा सेवेमुळे झाल्याचे पेन्शनपुरते मानले जाईल, असे प्रमाणपत्र मंत्र्याने दिले की दाव्याचा मार्ग बंद होई. प्रमाणपत्राने पात्रता मिळे, रकमेची हमी मात्र मिळत नसे. युद्धात पाय गमावलेल्या विशीतल्या जवानाच्या दृष्टीने हा सौदा वाईट नव्हता. वकिलाच्या दारात न जाता त्याला चाळीस-पन्नास वर्षे दर आठवड्याला काहीतरी मिळत राहणार होते.

सौदा फसला तो ॲस्बेस्टॉसच्या रुग्णाच्या बाबतीत, कारण पेन्शन ही आयुष्याच्या लांबीने मोजली जाते. जो लवकर जखमी होतो आणि दीर्घकाळ जगतो त्याच्यासाठी ती आखलेली आहे. मेसोथेलिओमाचा रुग्ण याच्या नेमका उलटा: तो उशिरा आजारी पडतो आणि लवकर मरतो. पूर्ण अपंगत्वाची सर्वांत मोठी पेन्शन मंजूर झाली, तरी ती घेण्यासाठी त्याच्याजवळ महिने उरलेले असतात. पत्नी मागे राहणार असेल तर तिला काही मिळे. विधुर किंवा अविवाहित माणसाचा हिशेब त्याच्याबरोबर संपे. रॉयल ब्रिटिश लीजन या माजी सैनिकांच्या संघटनेने २०१५ च्या सुमारास दाखवून दिले की, एकट्या नौसैनिकाच्या हाती अखेरपर्यंत जेमतेम ३१ हजार पौंड पडू शकतात, तर त्याच वयाच्या मुलकी रुग्णाला दीड लाखाहून अधिक मिळतात. ज्यांचा जुना मालक किंवा त्याचा विमा उतरवणारी कंपनी सापडत नाही अशा मुलकी रुग्णांसाठी २०१४ मध्ये विमा कंपन्यांवर पट्टी बसवून ब्रिटनने एक निधी उभारला होता. नौसैनिक त्यातही बसत नव्हता; कारण त्याचा मालक सापडत होता, इतकेच की त्याच्यावर दावा चालत नव्हता.

दहावे कलम १९८७ मध्ये रद्द झाले. मौज अशी की, ते रद्द करणारे विधेयक सरकारने नव्हे, तर युद्धकालीन पंतप्रधानांचे नातू असलेल्या विन्स्टन चर्चिल या खासदाराने खाजगीरीत्या मांडले होते. पण रद्द झाले ते पुढल्यासाठी. मे १९८७ पूर्वीच्या इजांना जुनाच नियम राहिला. ॲस्बेस्टॉस सर्वाधिक वापरला गेला तो १९४० ते १९७० च्या दशकांत. म्हणजे ज्यांना या सुधारणेची गरज होती नेमके तेच तिच्या बाहेर राहिले. अखेर डिसेंबर २०१५ मध्ये संरक्षण खात्याने नव्या रुग्णांना पेन्शनऐवजी एक लाख चाळीस हजार पौंडांची एकरकमी निवड देऊ केली, आणि ओरड झाल्यावर दोन-तीन महिन्यांनी ती आधीच्या हयात रुग्णांनाही लागू केली. रक्कम उदार आहे की अपुरी यावर वाद होऊ शकेल. आठवड्याच्या पेन्शनऐवजी एकरकमी द्यावयाची, ही गोष्ट उमगायला मात्र अठ्ठावीस वर्षे लागली, आणि दरम्यानच्या काळात जे गेले त्यांना ती लागू करण्याचा प्रश्नच उरला नाही.

अमेरिकेत सैनिकाला सरकारवर दावा करण्याची बंदी १९५० च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने आली. तेथील माजी नौसैनिक मग माल पुरवणाऱ्यांकडे वळले. जॉन्स-मॅनव्हिल ही सर्वांत मोठी ॲस्बेस्टॉस कंपनी दाव्यांच्या ओझ्याने १९८२ मध्ये दिवाळखोरीत गेली. २०१९ मध्ये त्याच न्यायालयाने बहुमताने असे ठरवले की, ॲस्बेस्टॉसचे वेष्टण चढवल्याशिवाय जे यंत्र चालूच शकत नाही, असे यंत्र नौदलाला उघडे विकणाऱ्यानेही धोक्याची सूचना द्यायला हवी होती. पंप आणि टर्बाइन विकणाऱ्यांनी चाळीस वर्षांचे देणे फेडावे आणि ते वेष्टण मागवणारे, चढवणारे, माणसांना त्याखाली झोपवणारे नौदल मात्र मोकळे राहावे, या विभागणीत न्याय किती हा प्रश्न उरतोच. तरी निदान हिशेब उघड झाला.

तो उघड होण्यासाठी मोजणी लागते, आणि मोजणी कशी अपघाताने होते याचे एक उदाहरण याच देशातले आहे. १९४५ ते १९६२ मधील अणुचाचण्यांना हजर असलेल्या सुमारे एक लाख चौदा हजार सैनिकांचा पाठपुरावा किरणोत्साराचे परिणाम शोधण्यासाठी करण्यात आला. त्यांत मेसोथेलिओमाचे मृत्यू अपेक्षेपेक्षा जास्त निघाले; पण ते नौदलातच, आणि बॉयलर, नळ, यंत्रदालन येथे काम करणाऱ्यांत तर सहापटीहून अधिक. लष्कराच्या आणि हवाईदलाच्या जवानांत ही वाढ नव्हती. या माणसांना अणुबाँबच्या ढगापेक्षा बॉयलरचे वेष्टण अधिक महागात पडले होते, आणि ते कळले ते ढगामुळे कोणीतरी त्यांची यादी ठेवली म्हणून.

भारतात अशी यादी ठेवण्याचे कारण कमी नाही. १९४८ मध्ये आलेली 'दिल्ली', १९५७ मधील 'म्हैसूर', १९६१ मधील 'विक्रांत' आणि १९८७ मधील 'विराट' ही सर्व वाफेवर चालणारी, आणि त्यांच्या कण्याची पट्टी दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली किंवा त्याआधीची. ब्रिटिश नौदल ज्या वर्षांत मुक्तहस्ताने ॲस्बेस्टॉस वापरीत होते त्याच वर्षांतल्या गोद्यांची ती अपत्ये. १९७१ च्या युद्धात एक बॉयलर निकामी असताना 'विक्रांत'ने बंगालच्या उपसागरात कामगिरी केली, याचा अभिमान योग्यच आहे. तो पराक्रम विमानांइतकाच खाली बॉयलरच्या दालनात उरलेली तीन यंत्रे चालू ठेवणाऱ्यांचाही होता. या जहाजांची डागडुजी मुंबईच्या नौदल गोदीत वर्षानुवर्षे चालली. आणि त्या गोदीत रत्नागिरी, रायगड, सिंधुदुर्गातून आलेले किती फिटर, वेल्डर, बिगारी होते हे लालबाग-परळच्या चाळींना विचारावे लागत नाही.

आपल्याकडे जहाजांतील ॲस्बेस्टॉसची चर्चा झाली ती जहाजे मोडताना. फ्रान्सची 'क्लेमांसो' ही विमानवाहू नौका २००५ च्या अखेरीस अलंगकडे निघाली तेव्हा गदारोळ उठला आणि फेब्रुवारी २००६ मध्ये तिला परत बोलावण्यात आले. तो गदारोळ योग्य होता. परंतु तोडणाऱ्या मजुराला जी धूळ काही महिने गाठणार होती, तिच्या सहवासात जे दहा-दहा वर्षे राहिले त्यांचे नाव कोणी घेतले नाही. 'विक्रांत' २०१४ मध्ये मुंबईतच मोडीत निघाली, 'विराट' २०२० मध्ये अलंगला गेली. दोन्ही वेळी वाद झाला तो स्मारकाचा. जहाजमोडणीचा हाँगकाँग करार २०२५ मध्ये अमलात आला, पण युद्धनौका त्याच्या कक्षेबाहेर आहेत. व्यापारी जहाजांवर नव्या ॲस्बेस्टॉसला बंदी घालणारा सागरी सुरक्षेचा आंतरराष्ट्रीय करारही युद्धनौकांना लागू नाही. सार्वभौम सत्तेचे जहाज म्हणजे नियमाला अपवाद, ही सवय दहाव्या कलमाहून बरीच जुनी आणि बरीच व्यापक आहे.

याउलट आपल्याच सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी १९९५ मध्ये ॲस्बेस्टॉस उद्योगाबाबत दिलेला निकाल पाहण्यासारखा आहे. प्रत्येक कामगाराच्या प्रकृतीची नोंद कामास लागल्यापासून चाळीस वर्षे किंवा निवृत्तीनंतर पंधरा वर्षे, यांपैकी जे नंतर येईल तोपर्यंत ठेवावी, असा त्यात आदेश आहे. आजाराला जेवढा उशीर लागतो तेवढी नोंदवही लांब असली पाहिजे, हे तत्त्व न्यायालयाने तेव्हाच मान्य केले. खाजगी कारखानदारावर जे बंधन घातले ते जुन्या वाफेच्या जहाजांचा मालक असलेल्या सरकारने स्वतःवर घालून घ्यायला कोणत्याही नव्या कायद्याची आवश्यकता नाही. सैनिकी पेन्शनचा सारा व्यवहार अपंगत्व सेवेमुळे आले किंवा सेवेमुळे बळावले काय, या एका प्रश्नाभोवती फिरतो. निवृत्तीनंतर तीस वर्षांनी आजारी पडलेल्या माणसाने त्याचे उत्तर कोणत्या कागदाने द्यावयाचे? तो कागद आजच करून ठेवणे हेच काय ते काम आहे.

ते अवघडही नाही आणि महागही नाही. कोणता खलाशी कोणत्या वर्षी कोणत्या जहाजावर, कोणत्या शाखेत होता, हे त्याच्या सेवानोंदीत असते. वाफेच्या जुन्या जहाजांची नावे मोजकी आहेत. माजी सैनिकांची अंशदायी आरोग्य योजना २००३ पासून चालू आहे आणि तिचे दवाखाने जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत. नोंदींवरून बॉयलर आणि यंत्रदालनातील माणसांची यादी काढून ती या दवाखान्यांकडे द्यावी, गोदीतील निवृत्त कामगारांची तशीच यादी करावी, आणि जहाजे मोडताना त्यांतून ॲस्बेस्टॉस किती निघाला याची मापे प्रसिद्ध करावीत. १९८७ मध्ये विसाव्या वर्षी 'विराट'च्या बॉयलर-दालनात उतरलेला तरुण २०२७ मध्ये साठ वर्षांचा होईल. छातीत पाणी झाले म्हणून तो चिपळूणच्या किंवा देवगडच्या एखाद्या दवाखान्यात गेला, तर क्षयाची औषधे लिहून देण्यापूर्वी डॉक्टरांनी त्याला तो कोणत्या जहाजावर होता, एवढे विचारावे, अशी व्यवस्था तोपर्यंत व्हायला हरकत नाही.